आरोपीच्या अंगावरची जखम

सनद मिळून मला जेमतेम वर्ष झालं होतं. १९८२ च्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर एक शेतकरी उपरणं हाताला गुंडाळून माझ्यासमोर येऊन बसला. वकीलपत्रावर सही करायला पेन धरता येईना, तेव्हा मी उपरणं सोडायला लावलं. उजव्या हाताची दोन बोटं सुजून काळी पडली होती.

"चुलतभावानं काठी घातली. ती झेलताना लागलं."

"मग तू फिर्याद का दिली नाहीस?"

"आमच्या आधी त्येनं दिली की."

भांडण बांधाचं होतं. चुलतभावाच्या डोक्याला तीन टाके पडले होते आणि तो रक्ताळलेल्या सदऱ्यासह थेट पोलीस ठाण्यात गेला होता. माझा पक्षकार संध्याकाळी गेला. त्याची तक्रार अदखलपात्र म्हणून एन.सी.च्या वहीत चार ओळींत लिहून घेतली गेली आणि तिथेच त्याला कलम ३२४ खाली अटक झाली. त्याच्या बोटांकडे कुणी पाहिलं नाही. खटल्यात मी स्वसंरक्षणाचा मुद्दा तळमळीने मांडला. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "वकीलसाहेब, आरोपीचं जखमेचं प्रमाणपत्र?" ते नव्हतं. शिक्षा झाली. अपिलात १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर तो सुटला, पण दोषी हा शिक्का राहिला. त्याची एक करंगळी पुढे कधीच सरळ झाली नाही.

चाळीस वर्षांहून अधिक काळ मी मुख्यतः मारहाणीच्या खटल्यांत बचावाचं काम केलं. या काळाकडे मागे वळून बघताना कलमं, निकाल, नवे कायदे असं बरंच काही डोळ्यांपुढून जातं. मला मात्र ते सारं त्या दोन बोटांच्या बाजूनेच दिसतं. फिर्यादीची जखम कागदावर येते, तशी आरोपीची येते का?

भारतीय दंड संहितेचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दिला, संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. मारहाणीचं तिचं गणित तालुक्यातल्या कुठल्याही कारकुनाला पाठ होतं. साध्या दुखापतीला ३२३, वर्षभरापर्यंत कैद. हत्यार वापरलं तर ३२४, तीन वर्षं. गंभीर दुखापतीला ३२५, सात वर्षं. हत्याराने गंभीर दुखापत केली तर ३२६, दहा वर्षं किंवा जन्मठेप. सोबतीला शिवीगाळीचं ५०४, दमदाटीचं ५०६ आणि जास्त माणसं असली की 'गैरकायद्याची मंडळी' जमवल्याची १४३ पासूनची रांग. त्याच संहितेत ९६ ते १०६ ही अकरा कलमं बचावाच्या हक्काची होती. मार खाणाऱ्याने पळून गेलंच पाहिजे, असं त्यांतलं एकही कलम म्हणत नाही. अंगावर किंवा मालमत्तेवर हल्ला होत असताना माणसाने उभं राहून प्रतिकार करावा, हे मेकॉलेच्या आयोगाला मान्य होतं. मर्यादा एवढीच, की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हात उचलायचा नाही.

कागदावर हक्क इतका चांगला असूनही आमच्या कोर्टात तो क्वचितच टिकायचा. याचं एक कारण मला आमच्या वकिलांच्याच सवयीत दिसतं. आरोपीचा जबाब नोंदवताना 'मी तिथे नव्हतोच, मला खोटं गुंतवलं' हे ठरलेलं उत्तर द्यायला लावलं जाई. माझ्या ज्येष्ठांनीही मला तेच शिकवलं होतं. सरकार पक्षाला सगळं शाबीत करू द्यायचं, आपण काहीच कबूल करायचं नाही. खून-दरोड्यात ते शहाणपणाचं असेल. बांधावरच्या भांडणात सारा गाव बघत असतो. तिथे 'मी नव्हतोच' म्हणणारा माणूस स्वतःच्या जखमेचं तोंड स्वतःच बंद करतो.

या कोंडीतून वाट दाखवणारा निकाल होता मुन्शी राम विरुद्ध दिल्ली प्रशासन, १९६८ साली छापून आलेला. तोही जमिनीच्या ताब्याचा वाद. आरोपींनी स्वसंरक्षणाचा मुद्दा स्पष्ट शब्दांत घेतला नसला, तरी पुराव्यातूनच तो दिसत असेल तर न्यायालयाने तो विचारात घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पुराव्याच्या तेव्हाच्या कायद्याच्या कलम १०५ ने बचावाचा भार आरोपीवर टाकला होता. पण तो भार सरकार पक्षाइतका जड नाही. आपली हकीकत अधिक संभवनीय आहे, एवढं दाखवलं तरी पुरे. त्यानंतर १९७६ चा लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य हा निकाल आला. आरोपीच्या अंगावर त्याच घटनेतल्या ठळक जखमा असतील आणि सरकार पक्ष त्यांचा खुलासा करत नसेल, तर भांडणाची खरी सुरुवात दडवली जातेय, जखमा नाकारणारे साक्षीदार खोटं बोलताहेत आणि आरोपीची हकीकत खरी असू शकते, असे निष्कर्ष न्यायालय काढू शकतं. किरकोळ ओरखड्यांना हे लागू नाही. माझ्या पहिल्या खटल्याच्या वेळी हा निकाल सहा वर्षांचा होता आणि मी तो वाचलेलाही होता. पण खुलासा मागायला आधी जखम कागदावर असावी लागते.

ती आणायची तरतूदही कायद्यात होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार अटक झालेल्या माणसाने मॅजिस्ट्रेटसमोर सांगितलं, की माझ्या अंगाची तपासणी केली तर माझ्यावरच गुन्हा घडल्याचं दिसेल, तर तपासणीचा हुकूम द्यावा लागे. फक्त ते सांगायचं कुणी? रात्रभर लॉकअपमध्ये बसलेल्या, कोर्टाची पायरी कधी न चढलेल्या माणसाला हे ठाऊक असणार कसं? १९८३ मध्ये मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रावरून जो निकाल झाला, त्यात याचं उत्तर आहे. आरोपी समोर आला की मॅजिस्ट्रेटनेच त्याला विचारायचं, तुला मारहाण झाली का, आणि तपासणी मागण्याचा तुझा हक्क आहे हे सांगायचं. तो निकाल स्त्री कैद्यांच्या छळाचा म्हणून ओळखला जातो. माझ्यासारख्याला मात्र तो रोज सकाळी अकरा वाजता उपयोगी पडे. रिमांडच्या वेळी मी उठून एवढंच म्हणायचो, "साहेब, आरोपीच्या हाताकडे एकदा पाहावं."

पुढे १९९६ च्या डी. के. बसू निकालाने आरोपीने मागणी केल्यास अटकेच्या वेळीच लहानमोठ्या जखमांची नोंद करून आरोपीची आणि पोलिसाची सही घेण्याचं बंधन घातलं. २००८ ची दुरुस्ती २००९ च्या अखेरीस लागू झाली, तेव्हा अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी मागणीवर न राहता सक्तीची झाली. दंड संहितेच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर हे घडायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

तपासणी झाली तरी ती कशी होते, हा पुढचा प्रश्न. ऐंशी-नव्वदच्या दशकांतली आमच्याकडची प्रमाणपत्रं मी अजून जपून ठेवली आहेत. फिर्यादीच्या प्रमाणपत्रात जखमेची लांबी, रुंदी, खोली, जागा, कोणत्या वस्तूने झाली, किती तासांपूर्वीची, सगळं. आरोपीच्या कागदावर एकच ओळ: 'कुठेही ताजी बाह्य जखम नाही.' डॉक्टरांना दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. एका ग्रामीण रुग्णालयात एक वैद्यकीय अधिकारी, बाहेर बाळंतिणी आणि सर्पदंशाचे रुग्ण, आत हवालदार घाईत उभा. मी उलटतपासासाठी मोदींचं न्यायवैद्यकाचं पुस्तक पाठ केलं. ताजा वळ लालसर असतो, दोन-तीन दिवसांत निळा, मग काळपट, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट आणि आठवड्यानंतर पिवळा पडत जातो. शुक्रवारी झालेल्या भांडणातली म्हणून दाखवलेली जखम शनिवारी हिरवी दिसत असेल, तर ती त्या भांडणातली नाही. या एका मुद्द्यावर मी माणसं सुटलेली पाहिली आहेत.

हाड मोडल्याचंही तसंच. गंभीर दुखापतीच्या आठ प्रकारांत हाड किंवा दात मोडणं हा सातवा. आमच्या तालुक्यात तेव्हा एक्स-रे नव्हता, जखमीला साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात पाठवत. खटला उभा राही तेव्हा मूळ प्लेट हजर नसे, ती काढणारा साक्षीला आलेला नसे आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी नुसत्या बोटांच्या दाबावरून 'अस्थिभंग' लिहिलेलं असे. अशा वेळी ३२५ चं ३२३ होऊन सात वर्षांची टांगती तलवार एका वर्षावर येई. आठवा प्रकार तेव्हा वीस दिवसांचा: जिवाला धोका, किंवा वीस दिवस तीव्र वेदना, किंवा तेवढे दिवस नेहमीची कामं अशक्य होणं. रुग्णालयात वीस दिवस खाट अडवली एवढ्याने तो सिद्ध होत नाही, हे मी कितीतरी वेळा सांगितलं असेल.

या वाटेवर मी काही खटले हरलो आणि ते हरायलाच हवे होते. एका पक्षकाराच्या दंडावर पाच समांतर ओरखडे होते, सगळे एकाच दिशेचे, उथळ, त्याच्याच उजव्या हाताला पोचतील असे. ब्लेडने करून घेतलेल्या जखमा कुठल्याही जाणत्या डॉक्टरला ओळखू येतात. मी त्याला त्या जखमा पुराव्यात आणणार नाही असं सांगितलं, त्याने वकील बदलला. दुसऱ्याच्या बाबतीत पहिला घाव खरोखर समोरच्याने घातला होता आणि माझ्या माणसाचा खांदा फाटला होता. पण समोरचा पळू लागल्यावर याने ओढ्यापर्यंत पाठलाग करून पाठीत कुऱ्हाड घातली. तिथे बचावाचा हक्क संपलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटलंय, की जीव घाबरलेल्या माणसाचा प्रतिकार सोन्याच्या तराजूत तोलायचा नसतो, आणि २०१० च्या दर्शन सिंग निकालात या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली आहेत. साध्या तराजूतही ओढ्याकाठचा घाव मात्र जड भरतो. तो जखमी माणूस साक्षीला आला तेव्हा त्याला बसायला खुर्ची द्यावी लागली. मी उलटतपास लवकर संपवला.

परस्परविरोधी फिर्यादी, ज्यांना आम्ही क्रॉस केस म्हणतो, त्यांच्याबद्दल १९९० चा नाथी लाल निकाल माझ्या मते ग्रामीण भागासाठी सर्वांत मोलाचा. दोन्ही खटले एकाच न्यायाधीशाने एकापाठोपाठ चालवायचे, पहिल्याचा युक्तिवाद ऐकून निकाल राखून ठेवायचा, दुसरा ऐकायचा, मग दोन्ही निकाल लागोपाठ द्यायचे. एकाचा पुरावा दुसऱ्यात वापरायचा नाही. त्याआधी एक खटला मॅजिस्ट्रेटकडे, दुसरा सत्र न्यायालयात, असं होऊन एकाच भांडणाच्या दोन वेगळ्या गोष्टी खऱ्या ठरत. अर्थात त्यासाठी दुसरी बाजू एन.सी.च्या वहीतून बाहेर यायला हवी.

तडजोडीचं चित्र या काळात उलटसुलट बदललं. पूर्वी कोर्टाच्या परवानगीने ३२४ मिटत असे. लग्नं ठरायची, वारसाच्या नोंदी अडायच्या आणि चुलतभाऊ एकाच एस.टी.ने कोर्टात यायचे. २००९ च्या अखेरीपासून ३२४ तडजोडयोग्य राहिलं नाही. मग एक तर साक्षीदार फितूर व्हायचे, नाही तर दोन्ही बाजू गुन्हा रद्द करून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात जायच्या. २०१२ च्या ग्यान सिंग निकालानंतर ती वाट रुंद झाली, पण आमच्याकडच्या ऊसतोड मजुराला मुंबई लांबच होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी हे मिटलेले खटले आले.

१ जुलै २०२४ ला दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ३२३ चं ११५(२) झालं आणि त्याचा हजाराचा दंड दहा हजारांवर गेला. ३२४ चं ११८(१) झालं. गंभीर दुखापतीचे वीस दिवस पंधरावर आले. कायमचं अपंगत्व किंवा कायमची बेशुद्धावस्था आणणाऱ्या मारहाणीला किमान दहा वर्षांची शिक्षा आली, तीही हवीच होती. बचावाची अकरा कलमं ३४ ते ४४ या क्रमांकांनी जवळपास जशीच्या तशी राहिली.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, नोटीस द्यायची, असं बजावलं. हा निकाल मी मनापासून चांगला मानतो. त्याने हजारो घरांतला कर्ता माणूस कोठडीबाहेर ठेवला. पण वैद्यकीय तपासणीची सक्ती अटकेला जोडलेली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम ५३ ही अटक झालेल्या माणसाबद्दलच बोलतं. नोटीस घेऊन घरी गेलेल्या आरोपीला कुणी डॉक्टरकडे नेत नाही. तो हळद लावतो, दोन दिवसांनी बरं वाटतं, वळ हिरवा पडतो, पिवळा पडतो आणि जातो. सात-आठ महिन्यांनी दोषारोपपत्र हातात येतं तेव्हा अंगावर काहीच नसतं. १९८२ मध्ये त्या शेतकऱ्याचं जे झालं तेच पुन्हा होतं, आणि या वेळी एका चांगल्या निकालाच्या आडून. नोटीस देतानाच आरोपीच्या जखमा नोंदवून त्याला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी द्यावी, एवढी एक तरतूद त्याच संहितेतल्या नोटिशीच्या कलम ३५ मध्ये जोडायला फारसं काही लागणार नाही.

गेल्या पावसाळ्यात सामायिक विहिरीच्या पाळीवरून झालेल्या मारामारीतला एक तरुण नोटीस घेऊन आला. फिर्याद अर्थातच समोरच्याची. मोबाइलमध्ये चित्रफीत आहे म्हणून तो उत्साहाने दाखवू लागला. माझी ज्युनिअर ती बघू लागली, चित्रफीत पुराव्यात देताना जोडाव्या लागणाऱ्या प्रमाणपत्राचं काय करायचं ते त्याला सांगू लागली. मी त्याला शर्ट काढायला सांगितला. डाव्या खांद्याखाली वीतभर लांबीचा वळ होता, अजून लाल.

"वकीलपत्र उद्या," मी म्हणालो. "आता ग्रामीण रुग्णालयात जा. केसपेपर काढ. डॉक्टरांना सांग, काय लागलं, कशानं लागलं, कधी लागलं, सगळं लिहा म्हणावं."

तो गोंधळला. "पण वकीलसाहेब, आरोपी तर मीच हाय ना?"

ज्युनिअरने टेबलावरची पट्टी उचलली आणि वळाशेजारी धरून फोटो काढला. मग तिने फाइलच्या पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिली.