पन्नास हात

वर्तमानपत्राच्या घडीतून पत्रक पडलं. गुळगुळीत कागद, त्यावर लांबसडक गुलाबी नखांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत: ‘नेल एक्स्टेन्शन, जेल, ॲक्रिलिक, नेल आर्ट. फक्त ३ दिवसांत प्रोफेशनल व्हा. सर्टिफिकेट व किट मोफत.’ स्थळ होतं सोलापुरातल्या एका हॉटेलचा हॉल. आमच्या धाराशिव जिल्ह्यात साधा शिवणक्लासही महिनोन्महिने चालतो. परकर शिवताना चुकलं तर कापड वाया जातं. इथे तर माणसाच्या बोटांशी गाठ होती, आणि तीन दिवस पुरणार होते. हे शिकवतात तरी काय, हे पाहावं असं मनात आलं. चौकशी करता करता धाराशिव शहरातल्या एका बाईंचं नाव निघालं. त्यांच्याकडे शिकायला गेलेल्या मुलीला पन्नास हात झाल्याशिवाय त्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊ देत नाहीत, असं कळलं.

साड्यांच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना, वर एक खोली. जिन्यातच ॲसिटोनचा वास येतो, त्यात सकाळच्या उदबत्तीचा थोडा. खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, त्यावर दिवा, बाजूला मशीन. त्या बाई, मुलींच्या मॅडम, खुर्चीमागे उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीशी बांधून. काम एक मुलगी करत होती. वय असेल बावीस, कळंब रस्त्यावरच्या एका गावची, इथे मामाकडे राहते. घरच्यांचा होकार अजून आलेला नाही, म्हणून तिचं नाव लिहीत नाही.

ती नखं लावत नव्हती, काढत होती. समोरच्या बाईंनी दुसरीकडे कुठेतरी बहिणीच्या लग्नासाठी लावून घेतलेली ॲक्रिलिकची नखं. मुलीनं आधी फाईलनं वरचा चकचकीत थर घासून उतरवला. मग कापसाचे छोटे बोळे ॲसिटोनमध्ये भिजवून एकेका नखावर ठेवले, वरून फॉइल गुंडाळलं. पंधरा मिनिटं थांबायचं. मला ती पंधरा मिनिटं लांब वाटली, गिऱ्हाईक बाईंना तर फारच. त्या म्हणाल्या, “अगं, ओढून टाक की, निघतंय बघ.” मुलीचा हात पुढे झाला. मागून मॅडमचा आवाज आला, “ओढायचं नाही. ओढलं की त्यांच्या नखाचा पापुद्रा घेऊनच येतं.”

नख जाडीला जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं. बोटाचं नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं यायला पाच-सहा महिने लागतात. लग्नाच्या मांडवात मिरवलेलं नख घाईनं ओढून काढलं, तर दिवाळीपर्यंत पातळ, सोललेलं नख घेऊन वावरायचं. मुलगी थांबली. पंधरा मिनिटांनी फॉइल सोडलं, लाकडी काडीनं मऊ झालेलं ॲक्रिलिक हलक्या हातानं सरकवलं. नऊ नखं निघाली. दहावं, उजव्या तर्जनीचं, आधीच मुळाशी सुटलेलं होतं. त्याखाली नखावर हिरवट काळा डाग.

बाई घाबरल्या. मॅडम पुढे वाकल्या, पण हात पाठीमागेच. कृत्रिम नख एका बाजूनं सुटलं की फटीत पाणी शिरतं. भांडी, धुणं, भाकरीचं पीठ मळणं, दिवसातून दहा वेळा. त्या ओलाव्यात स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात आणि नख हिरवं पडतं. “यावर आता काहीही लावायचं नाही. डॉक्टरांना दाखवा,” मॅडमनी सांगितलं. नवीन सेटचे पैसे बुडाले, त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. मुलीनं वही उघडून तारीख घातली, पुढे लिहिलं, ‘हात १९, काढणे.’ लावलेलाच हात मोजायचा असा तिचा समज होता. मॅडमनी पहिल्याच दिवशी तो मोडला होता.

मॅडम हात पाठीशी का बांधतात, ते चहाच्या वेळी समजलं. कप धरताना त्यांची बोटं दिसली. टोकांची कातडी कोरडी, भेगाळलेली, दोन ठिकाणी चिरा पडलेल्या. त्यांनीही हे काम अशाच एका तीन दिवसांच्या वर्गात शिकून सुरू केलं होतं. हातमोजे घाला, असं तिथे कुणी म्हटलं नाही. ओलं जेल कातडीला लागू देऊ नका, हेही नाही. त्या बोटानंच कडा पुसायच्या. तीन वर्षांनी बोटांना खाज सुटली, मग पापण्या सुजू लागल्या. सोलापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली आणि निदान दिलं: ॲक्रिलेटची ॲलर्जी. ही एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. आता त्या जेलला शिवत नाहीत. शिकवतात तोंडानं, काम मुलींचे हात करतात.

हे ऐकल्यापासून माझी नजर सारखी त्या बोटांकडे जात होती. नखांच्या जेलमध्ये असतं तेच रसायनांचं घराणं दातांच्या सिमेंटमध्ये आणि गुडघा बदलताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्येही असतं. त्यामुळे मॅडमना दंतवैद्याकडे गेल्यावर आधी हे सांगावं लागतं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेनं २०१२ साली ‘वर्षातला ॲलर्जीकारक पदार्थ’ म्हणून ॲक्रिलेटचंच नाव जाहीर केलं होतं. युरोपीय संघात हेमा नावाचं यातलं एक रसायन असलेल्या नखांच्या उत्पादनांवर ‘फक्त व्यावसायिक वापरासाठी’ असं छापावं लागतं. जेल दिव्याखाली नीट सुकलं तर धोका कमी, अर्धकच्चं राहिलं तर जास्त. म्हणून दिवा कोणत्या जेलसाठी बनलेला आहे, थर किती पातळ, वेळ किती, हे सगळं शिकण्यात येतं. ॲक्रिलिकच्या पातळ द्रवाचंही तसंच. त्यात एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) हे रसायन असेल तर नख दगडासारखं कडक होतं, ॲसिटोननं लवकर सुटत नाही आणि कुठे आपटलं तर खालचं खरं नख घेऊन तुटतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९७० च्या दशकातच अशा उत्पादनांवर कारवाई केली होती. स्वस्तातल्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल, तर ती घ्यायची नाही, हा मॅडमचा नियम. पत्रकातल्या ‘मोफत किट’कडे मी घरी येऊन पुन्हा पाहिलं. कंपनीचं नावसुद्धा नव्हतं.

आपल्याकडे नखं लावण्याचं काम करायला परवाना लागत नाही. दुकानाची नोंदणी केली, फलक लावला, की झालं. कॅलिफोर्नियात नुसत्या नखांच्या कामासाठी ४०० तासांचं शिक्षण आणि त्यावर परीक्षा आहे, न्यूयॉर्कमध्ये २५० तासांचं. तिथल्या या धंद्याची गोष्ट मी त्या मुलीला सांगितली. १९७५ साली व्हिएतनाममधून निर्वासित होऊन आलेल्या बायका सॅक्रामेंटोजवळच्या एका छावणीत होत्या. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मधली नटी टिपी हेड्रन त्यांना भेटायला जायची. या बायकांना पोटापाण्याचं काय शिकवावं, हा प्रश्न होता आणि बायकांचं लक्ष हेड्रनच्या नखांवर. तिनं आपली नखं करणारी बाई छावणीत आणली, मग जवळच्या सौंदर्यशाळेत शिकायची सोय केली. वीस बायका शिकल्या. आज अमेरिकेतले निम्म्याच्या आसपास नेल टेक्निशियन व्हिएतनामी वंशाचे आहेत. मुलीनं एवढंच विचारलं, “त्या वीसजणींना किती दिवस शिकवलं?” मी म्हटलं, दहा आठवडे, आठवड्याला पस्तीस तास. तिनं मोबाइलवर गुणाकार केला. साडेतीनशे.

रीतसर शिकायला त्या मुलीसमोर निवड काय होती? बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत ब्यूटी पार्लरचं महिनाभराचं प्रशिक्षण मिळतं. राहणं, जेवण, शिकणं सगळं मोफत, नंतर दोन वर्षं पाठपुरावा आणि कर्जासाठी बँकेशी गाठ घालून देणं. तिथे मॅनिक्युअर-पेडिक्युअर शिकवतात, पण नखं लांबवण्याचा भर नसतो. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड वर्षभराचा, दहावी पास हवी, बाराशे तासांचा अभ्यासक्रम. ज्या आयटीआयमध्ये तो आहे तिथे प्रवेश मिळाला तर पाया सगळ्यात पक्का होतो, असं माझं मत आहे, पण त्यातही नखं हा अनेक विषयांतला एक. पुण्या-मुंबईत मोठ्या ॲकॅडमी आहेत. काहींकडे सिडेस्कोसारखी परदेशी मान्यता असते. ही संस्था १९४६ सालची, मुख्यालय झ्युरिकला. तिच्या प्रमाणपत्राला जहाजावर किंवा दुबईत किंमत आहे. धाराशिवच्या गल्लीत गिऱ्हाईक ते वाचत नाही, आणि पुण्यात राहण्याचा खर्च फीपेक्षा वर जातो. उरले सोलापूर-लातूरचे वर्ग. तीन दिवसांचे, पंधरा दिवसांचे, दीड महिन्याचे.

फी भरायला पैसे आहेत. मुलीच्या आईच्या खात्यात ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १५०० रुपये येतात. ते आईनं मोडलेले नाहीत. त्या पैशांत हॉटेलमधलं तीन दिवसांचं सर्टिफिकेट सहज बसतं, म्हणूनच मला त्या पत्रकाचा राग येतो. सोयाबीन काढताना ज्या हातांची सालपटं निघाली, त्या बाईच्या नावावर आलेला पैसा कुणीतरी तीन दिवसांत चमक दाखवून नेणार आणि मुलीच्या बोटांना पुढे काय होईल ते सांगणारही नाही.  

मॅडमकडे आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, जी कुठल्याही माहितीपत्रकात मी पाहिली नाही. धाराशिवच्या गिऱ्हाइकाला भाकरी थापायची असते. लांब टोकदार नखांनी ज्वारीच्या पिठाचा गोळा हातावर फिरत नाही, पीठ नखाखाली जाऊन बसतं, तव्यावरची भाकरी बोटांनी उलटताना नखाला आच लागते. म्हणून इथे चालणारं काम वेगळं: बोटाच्या टोकाबरोबर किंवा जेमतेम वर येणारं नख, त्यावर पातळ जेलचा थर, कडा नीट बंद. झेडपी शाळेतल्या शिक्षिका, साखरपुडा ठरलेल्या मुली, बँकेतल्या बाई असंच मागतात. नर्सबाई आल्या तर मॅडम सरळ नाही म्हणतात, कारण कृत्रिम नखाखाली जंतू राहतात आणि त्यांच्या हाताखाली रुग्ण असतात. नवरीला मात्र लांब हवं असतं. तिला लग्नानंतर दोन आठवड्यांत काढायला यायची तारीख आधीच लिहून देतात. न आल्यास फोन करतात.

ती मुलगी प्लास्टिकच्या सरावहातावर सुंदर नक्षी काढते. बारीक ब्रशनं मोगऱ्याच्या कळ्या काढताना तिचा श्वास अडकलेला असतो आणि तोंड थोडं उघडं. पण मॅडम प्लास्टिकचा हात मोजत नाहीत. त्याला घाम येत नाही, तो हलत नाही, त्याच्या कडेला नखुर्डं होत नाही. पन्नास म्हणजे पन्नास माणसांचे हात: म्हातारे, कष्टाचे, नखं कुरतडणारे, साखर असलेले. शेजारणी, मामी, मामीच्या बहिणी, दुकानातल्या मुली असे तिनं जमवले. मी माझेही दिले. माझ्या डाव्या अंगठ्याच्या कडेला जेल कातडीवर उतरलं, तेव्हा ते दिव्याखाली जाण्याआधी तिनं काडीनं स्वच्छ केलं. तेवढ्यासाठी मॅडमनी तिला ‘शाब्बास’ म्हटलं. रंग कसा झालाय ते त्यांनी पाहिलंही नाही.

निवड शेवटी फोनवर झाली. सोलापूरच्या तीन ठिकाणी तिनं फोन लावला, स्पीकर चालू करून. प्रश्न मॅडमनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिले होते. बॅचमध्ये किती मुली? जिवंत हातावर किती वेळा करायला मिळेल? बाटल्यांची नावं सांगाल का? काढायला कधी शिकवता? पहिल्या ठिकाणी उत्तराऐवजी सवलत सांगितली गेली, आजच भरले तर हजार कमी. दुसरीकडची बाई शेवटच्या प्रश्नाला थांबली आणि म्हणाली, “रिमूव्हल सोपं असतं, ते व्हिडिओत दिलंय.” मुलीनं फोन ठेवला. तिसऱ्या ठिकाणी एक वयस्क आवाज होता. आठ मुली, दीड महिना, पहिला आठवडा फक्त नखाची रचना, त्वचेचे आजार आणि काढणं. मॉडेल स्वतः आणायच्या. फी तिघांत सगळ्यात जास्त. मॅडम मागे उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली.

ठरलं ते असं. आधी बँकेच्या संस्थेतला महिना, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणं, हिशेब आणि कर्जाचा अर्ज हे सगळं फुकटात होईल. मग सोलापूरचा दीड महिना, रोज जाऊन-येऊन. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हे परवडतं. नाहीतर सोलापुरात खोली घ्यावी लागली असती आणि वडिलांनी तिथेच विषय संपवला असता. अडचण राहिली मंगळवार-शुक्रवारची. सोलापूरची गाडी तुळजापूरवरून जाते आणि त्या दोन दिवशी भवानीच्या दर्शनाची गर्दी, उभं राहायला जागा मिळत नाही. तिनं पुन्हा फोन लावून विचारलं, या दोन दिवशी अकराची बॅच चालेल का. चालेल म्हणाले, पण मॉडेल सोबत आणायची असेल तर तिचंही तिकीट धरा. ती वहीत हिशेब मांडू लागली, जाणं-येणं, दोन माणसं, अर्धं तिकीट.