मुलाखतीनंतरचा ईमेल: लाचारी नाही, जादूही नाही

मुलाखत आटोपली की बरेच उमेदवार गप्प बसून राहतात. आपणहून लिहिले तर पुढे पुढे केल्यासारखे दिसेल, आपण गरजू वाटू, असे त्यांना वाटते. या संकोचाला फारसा आधार नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांनी आभाराची पत्रे लिहिली आणि ती मिळालेल्यांनाही काय वाटले ते विचारले गेले. लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा वाचणाऱ्यांना अवघडलेपण कमी आणि आनंद जास्त वाटला होता. यावर कोणी म्हणेल, ती पत्रे ओळखीच्या माणसांना होती. मुलाखत घेणारा परका, शिवाय निर्णय त्याच्या हातात. हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे या प्रयोगातून मी एवढेच घेतो की स्वतःच्या संकोचावरून समोरच्याच्या मनाचा अंदाज बांधू नये.

दुसऱ्या टोकाचा समज जास्त नुकसान करतो: छान ईमेल लिहिला की नोकरी पक्की. मोठ्या कंपन्यांत मुलाखत घेणारे आपला अभिप्राय नोंदवतात, मग पगाराचे गणित, वरिष्ठांची मंजुरी, उरलेल्या उमेदवारांच्या फेऱ्या. चुकलेले उत्तर आभाराच्या चार ओळींनी बरोबर होत नाही, आणि आठवडाभराची शांतता म्हणजे नकार असेही नाही. मग लिहायचे कशाला? राहिलेली माहिती पोहोचवायला. आयटी क्षेत्रात दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. तुम्ही त्याआधी रुजू होऊ शकत असाल, तर ते कळणे कंपनीच्या कामाचे आहे. मागितलेले प्रमाणपत्र, कामाचा नमुना, निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे हा साधा प्रश्न, हे सगळे लिहिण्याजोगे आहे.

सरकारी भरतीला मात्र हा सल्ला लावू नका. केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून गट ब (अराजपत्रित), क आणि ड पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. जिथे त्या उरल्या आहेत, तिथे मुलाखत मंडळाच्या सदस्याशी परस्पर संपर्क साधणे म्हणजे वशिल्याचा प्रयत्न ठरू शकतो आणि त्यापायी उमेदवारी रद्द होऊ शकते.

खासगी नोकरीसाठी दुसऱ्या दिवशीपर्यंत पाच-सहा ओळी पुरेत: पदाचे नाव, मुलाखतीची तारीख, चर्चेतला एखादा नेमका मुद्दा, आभार. मुलाखत मराठीत झाली असेल तर मराठीतच लिहा. सांगितलेली तारीख उलटली तर एकदा आठवण करून द्या, मग थांबा. वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅपवर रोज विचारणा करणे म्हणजे खरोखरच मागे लागणे. आणि भरती करणाऱ्यांना विनंती: नकार असला तरी दोन ओळींत कळवा. तुमच्या उत्तराची वाट पाहत कोणीतरी हातातली दुसरी ऑफर अडवून बसलेले असते.