कानातला नायक कसा हवा?

पुस्तक उघडून बसलेल्या सुनेला घरात कुणी ना कुणी हाक मारतेच. पण कानात इअरफोन घालून ती कणीक मळत असेल, तर ती प्रेमकथा ऐकते आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही! २०१७ मध्ये स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली, ती इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी पुस्तके घेऊनच. तेव्हापासून ही सोय मराठी गृहिणीच्या हाताशी आहे.

त्यातही कथासंग्रह अधिक सोयीचे. निवेदक तासाला साधारण नऊ हजार शब्द वाचतो. म्हणजे नव्वद हजार शब्दांच्या कादंबरीला दहा तास हवेत, तर साडेचार हजार शब्दांची कथा अर्ध्या तासात संपते. भाजी शिजेपर्यंत लग्न जमलेले असते.

मात्र यात एक गोम आहे. कादंबरीत सुरुवातीला न रुचलेला आवाज तासाभरात सवयीचा होतो. संग्रहात तेवढी उसंत नसते. सगळ्या कथा एकानेच वाचल्या, तर पाचव्या कथेतला लाजाळू कारकून दुसऱ्या कथेतल्या कॅप्टनच्या सुरात बोलू लागतो. आम्हाला विचाराल तर दर कथेला वेगळा निवेदक बरा. एखादा नाहीच आवडला, तर तेवढी कथा वगळता येते.

अमेरिकेतील प्रेमकथांचे श्रोते याबाबत फार चोखंदळ आहेत. तिथे पुष्कळदा नायकाची प्रकरणे पुरुष वाचतो, नायिकेची स्त्री. पण मग पुरुषाच्या प्रकरणात नायिका बोलू लागली की तो आवाज बारीक करतो आणि सगळी मजा जाते. त्यावर उपाय म्हणजे 'डुएट'. यात नायकाचे प्रत्येक वाक्य पुरुषाच्याच तोंडी येते. एमिली हेन्रीच्या कादंबऱ्या वाचणारी ज्युलिया व्हेलन ही तिथली नामवंत निवेदिका. तिने २०२२ मध्ये एका निवेदिकेचीच प्रेमकथा लिहिली आणि ती स्वतःच ध्वनिमुद्रित केली. तिथे शृंगारिक कथा टोपणनावाने वाचणारे निवेदकही बरेच आहेत. लोकलज्जा तिकडेही आहे म्हणायची!

आपला कान आकाशवाणीच्या श्रुतिकांवर पोसलेला. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज, खणखणीत उच्चार, वर पार्श्वसंगीत. पण तो रेडिओ फळीवर असायचा आणि घरभर ऐकू जायचा. इअरफोनमधला माणूस थेट कानाशी बोलतो. इतक्या जवळून कुणी नाटकी सुरात आणाभाका घेऊ लागला, तर प्रेम वाटण्याऐवजी हसू येते. नायकासाठी उगाच घोगरा आवाज न काढता नुसती लय संथ करणारी निवेदिका म्हणूनच अधिक भावते.

तेव्हा महिन्याची वर्गणी भरण्याआधी नमुना जरूर ऐका. निसर्गवर्णनावर भुलू नका, संवाद येईपर्यंत थांबा. आणि वेळ वाचवायला वेग वाढवू नका. 'हो' म्हणण्याआधी नायिका जी क्षणभर थांबते, ते थांबणेच त्यात हरवून जाते.