अंगरक्षकाच्या घरचा पहारा

मैत्रिणींनो, पुढाऱ्यामागचा बंदूकधारी अंगरक्षक दिसला, की आपल्याला त्याचा रुबाबच जाणवतो, नाही का? पण देवरी-सालेकसाचं जंगल आठवा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत हा नक्षलग्रस्त मुलूख आपल्या भंडारा जिल्ह्यातच होता. तिथे अंगरक्षकाची नजर माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा हातांवर असते. गोळीबार झालाच, तर लढत न बसता साहेबांना आडोशाने बाहेर काढायचं, हे त्याचं पहिलं काम. धोका रस्त्यातही असतोच. गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेले. म्हणून घरधनी कधी, कोणत्या वाटेने निघाले, हे सख्ख्या शेजारणीलाही सांगू नये. 'ड्युटीवर गेलेत', एवढंच पुरे. हाही पहाराच, बरं का!