पुढच्या डिरेलरचा वाकलेला कान

माजी विद्यार्थी आपल्या वापरातल्या गिअरच्या सायकली विद्यालयाला देऊ लागले, तेव्हापासून वसतिगृहाच्या पडवीत पातळ टायरांच्या, खाली वळलेल्या हँडलच्या रोड सायकली दिसू लागल्या. त्यांचे कौतुक आम्हांला होते. त्यांच्या दुखण्यांचे ज्ञान मात्र नव्हते. ते एका प्रसंगाने आले.

भाज्याहून गायमुख खिंडीमार्गे लोहगडाकडे जाणारा चढ अंगावर येणारा आहे. तेथे आमच्या नववीतल्या एका विद्यार्थ्याच्या सायकलीची चेन आतल्या बाजूला पडली. खाली उतरण्याऐवजी त्याने जोर लावून पायडल मारले. चेन अडकली, पुढचा डिरेलर ओढला गेला आणि तो ज्या छोट्या कानावर बसवलेला असतो, तो कान वाकला. आम्हांला हे आठवड्यानंतर कळले. तोवर सायकल पाण्याच्या टाकीमागे लपवलेली होती आणि दगडाने ठोकून कान सरळ करण्याचा प्रयत्नही होऊन गेला होता. वाकलेला कान कदाचित वाचला असता. ठोकल्यामुळे त्याच्या मुळाशी भेग पडली. मुलाला भीती वाटली ती दान मिळालेली वस्तू आपल्या हातून मोडल्याची. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. चेन पडल्यावर काय करावे, हे आमच्यापैकी कोणीच त्याला कधी सांगितले नव्हते.

डिरेलर म्हणजे चेनला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग. रोड सायकलीला पायडलांजवळ बहुधा दोन चक्रे असतात. ५० आणि ३४ दात्यांची जोडी पुष्कळदा आढळते. मागच्या २८ दात्यांच्या चक्रावर चेन असताना मोठ्या चक्राने पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे पावणेदोन वेळा फिरते, लहान चक्राने सुमारे सव्वा वेळा. खोपोलीहून बोरघाट चढताना या फरकाचे मोल पायांना कळते. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरणाऱ्या सायकलपटूची गोष्ट वेगळी. आपल्या मुलांना लहान चक्र हवेच.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मागच्या डिरेलरलाही हँगर असतो. आजच्या बहुतेक ॲल्युमिनिअम आणि कार्बनच्या सायकलींत तो मऊ धातूचा, सुटा आणि बदलता येणारा असतो. सायकल पडली तर त्याने वाकावे आणि फ्रेम वाचवावी, अशीच त्याची योजना असते. पुढच्या डिरेलरचा कान तसा नाही. तो बैठकीखालच्या उभ्या नळीवर झाळलेला, वेल्ड केलेला, रिव्हेटने ठोकलेला किंवा स्क्रूने बसवलेला असतो. झाळलेला वा वेल्ड केलेला कान फ्रेमचाच भाग होय. तेथे घातलेला घाव फ्रेमवर पडतो. ‘मागचा हँगर मिस्त्रीने वाकवून दिला, पुढचाही वाकेल’ हे अनुमान म्हणूनच धोक्याचे आहे.

कान खरोखर वाकला आहे का, हे आधी पाहावे. अनेकदा दोष डिरेलरच्या पिंजऱ्यात असतो, किंवा बोल्ट सैल होऊन डिरेलर नुसता फिरलेला असतो. केबल सोडावी, डिरेलर काढून घ्यावा आणि उघड्या कानाकडे मागून व वरून पाहावे. कान सरळ असेल तर डिरेलर पुन्हा बसवताना पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चक्राला समांतर आणि त्याच्या दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटर वर ठेवावी. बोल्ट ५ ते ७ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा. त्याहून अधिक बळ कानालाच पिरगाळते.

कान वाकलेलाच असेल, तर खिशात लोहचुंबक हवे. नळीला ते चिकटले तर फ्रेम पोलादी. पोलाद सोशिक असते. कानाला जाड कापड गुंडाळून, स्क्रू पान्याने धरून, एकाच दिशेने सावकाश दाब दिला तर तो जागेवर येतो. पुढे-मागे हलवू नये. धातू त्याच जागी कडक होऊन तुटतो. चुंबक चिकटले नाही तर फ्रेम बहुधा ॲल्युमिनिअमची किंवा कार्बनची. ॲल्युमिनिअमचा किंचित वाकलेला कान एखाद्या जाणत्या मिस्त्रीने एकदाच, हलक्या हाताने सरळ करावा. त्याला बंब लावून तापवणे म्हणजे धातूची ताकद घालवणे. भेग दिसली की तो प्रयत्नही सोडावा. कार्बनच्या फ्रेमवर कान वाकवूच नये. स्क्रूचा असेल तर नवा बसवता येतो. रिव्हेटचा असेल तर ते काम अशा फ्रेमची सवय असलेल्या कारागिराकडेच द्यावे.

आमच्या मुलाची फ्रेम ॲल्युमिनिअमची होती आणि भेग स्पष्ट होती. सुदैवाने नळी गोल होती. मिस्त्रीने भेगाळलेला कान कानशीने घासून काढला आणि नळीभोवती आवळायचा पट्टा बसवला. जुना डिरेलर त्यावर नीट बसला. असे पट्टे २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिलिमीटर या मापांत मिळतात, मात्र चपट्या किंवा लंबगोल नळीवर ते चालत नाहीत. तेथे पुढचा डिरेलर काढून एकाच चक्रावर सायकल चालवावी लागते. घाट जड जातो, पण फ्रेम भंगारात जात नाही.

मूळ कारण शिल्लक ठेवून केलेली दुरुस्ती टिकत नाही. चेन आत पडत होती, कारण डिरेलरची आतली मर्यादा ठरवणारा स्क्रू बिघडलेला होता. पुढे लहान आणि मागे सर्वांत मोठ्या चक्रावर चेन असताना पिंजऱ्याची आतली पट्टी चेनला लागू नये, पण अगदी निकट असावी. आम्ही चेन अडवणारा छोटा काटाही बसवला. काही नव्या डिरेलरांना फ्रेमवर टेकणारा एक आधार-स्क्रू असतो. गिअर बदलताना कान लवू नये म्हणून तो आहे, त्याला अनावश्यक समजून काढू नये.

सायकली पाठवणाऱ्यांना एक विनंती. पुणे-लोणावळा लोकलच्या माल डब्यात सायकल ठेवताना चेनची बाजू भिंतीला किंवा दुसऱ्या सायकलीला टेकवू नये. फ्रेम कशाची आहे, हे एका चिठ्ठीवर लिहून हँडलला बांधावे.

पडवीच्या भिंतीवर आता आम्ही खडूने लिहिले आहे : ‘चेन पडली तर पायडल थांबवा, उतरा, हाताने बसवा. काही मोडले तर त्याच दिवशी सांगा.’ अक्षर त्या मुलाचे आहे.