अल्पखर्चिक हौशी शर्यतवर्गाची निवड : एकासनी मोटारींच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मोटारशर्यतीचा उल्लेख होताच फॉर्म्युला वनचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते : एकच आसन, उघडी चाके आणि सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडचा खर्च. तथापि याच घडणीच्या मोटारींची एक मोठी हौशी परंपराही आहे. नोकरी-व्यवसाय सांभाळून, स्वतःच्या गॅरेजमध्ये मोटारीची डागडुजी करून सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरणारी माणसे तीत भाग घेतात. १९४४ मध्ये स्थापन झालेली स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था या परंपरेचे एक प्रमुख केंद्र होय. तिच्या नियमावलीत एकासनी मोटारींचे अनेक वर्ग आहेत. मर्यादित उत्पन्नाच्या नवोदिताने चुकीचा वर्ग निवडला, तर पहिल्याच हंगामात पैसा संपतो आणि मोटार धूळ खात पडते. ही निवड कोणत्या निकषावर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खर्चाचे मूळ नियमावलीत

नवोदित सहसा दोन गोष्टी पाहतो : मोटारीचा वेग आणि तिची किंमत. वस्तुतः खरेदीची रक्कम मोटार विकताना अंशतः तरी परत मिळते. टायर, इंजिनाची फेरबांधणी, प्रवेशशुल्क, वाहतूक आणि मोडतोड यांवर गेलेला पैसा मात्र परत येत नाही. हा आवर्ती खर्च किती होणार, हे बव्हंशी त्या वर्गाचे नियम ठरवितात. टायरचेच उदाहरण घ्यावे. मऊ रबराचा टायर रस्ता उत्तम पकडतो, परंतु काही वेळा तापून थंड झाला की त्याचा गुण उतरतो. टायरवर बंधन नसेल, तर सधन स्पर्धक प्रत्येक शर्यतीस नवा संच आणतो आणि इतरांना एक तर त्याचे अनुकरण करावे लागते, नाही तर मागे राहावे लागते. नियम ज्याला मनाई करीत नाही, ते कोणीतरी विकत घेतोच. म्हणून मोटार पाहण्यापूर्वी नियमावली वाचणे इष्ट ठरते.

फॉर्म्युला व्ही

या दृष्टीने फॉर्म्युला व्ही हा वर्ग विशेष अभ्यसनीय आहे. १९६३ मध्ये त्याला उपरोक्त संस्थेची मान्यता मिळाली. कल्पना साधी होती : नळ्यांच्या सांगाड्यावर फोक्सवॅगन बीटल या लोकप्रिय मोटारीचे १२०० सीसीचे इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा आस आणि ड्रम ब्रेक बसवावयाचे. हे भाग भंगारातही मिळत. चालकासह किमान वजन १,०२५ पौंड, म्हणजे सुमारे ४६५ किलोग्रॅम. शक्ती अल्प असल्याने वळणावर गमावलेला वेग सरळ रस्त्यावर सहजासहजी भरून काढता येत नाही. परिणामी चालकास वेग राखण्याची शिस्त लागते. निकी लाउडा आणि केके रोझबर्ग हे पुढील काळातील जगज्जेते आपल्या उमेदवारीच्या दिवसांत याच वर्गात धावले होते.

भाग ठरावीक असले तरी बुद्धीला वाव उरतोच. बीटलच्या मागील आसाची रचना अशी की, वळणावर बाहेरचे चाक आत दुमडू लागते आणि मोटारीचा मागचा भाग वर उचलला जातो. यावर रचनाकारांनी दोन्ही मागील चाकांना मिळून एकच स्प्रिंग देण्याचा उपाय योजला. दोन्ही चाके एकदम वर सरकली तरच ती दाबली जाते. मोटार एका बाजूस कलू लागल्यास मागील चाके मुळीच विरोध करीत नाहीत आणि तो सर्व भार पुढच्या आसावर पडतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सस्पेन्शन शिकविताना याहून सुटसुटीत उदाहरण क्वचितच मिळेल.

अर्थात ‘स्वस्त’ हा शब्द सापेक्ष आहे. अग्रक्रमाचे स्पर्धक कार्ब्युरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड यांतून नियमात राहूनच शक्ती शोधतात व त्यासाठी निष्णात कारागिरांना चांगला मोबदला देतात. मधल्या फळीत धावण्यासाठी मात्र त्याची निकड नसते.

अन्य पर्याय

फॉर्म्युला फोर्डची पहिली शर्यत २ जुलै १९६७ रोजी इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे झाली. फोर्डचे साधे इंजिन, पंखांना बंदी, परंतु गिअरचे प्रमाण आणि सस्पेन्शन बदलण्याची मुभा, असे त्याचे स्वरूप. ही मुभा शिकण्यासाठी मोलाची असली तरी प्रत्येक धावपट्टीसाठी वेगळे गिअर बाळगावे लागतात. मोटारही वेगवान असल्याने अपघाताचे देयक मोठे येते. अमेरिकेत २०१० च्या सुमारास होंडाच्या इंजिनासही परवानगी मिळाल्यामुळे जुन्या इंजिनाच्या सुट्या भागांची अडचण काहीशी कमी झाली. फॉर्म्युला ५०० मध्ये मुळात स्नोमोबाइलचे टू-स्ट्रोक इंजिन, पट्ट्याने चालणारी विनागिअरची शक्तिवहन रचना आणि स्प्रिंगऐवजी रबराचे तुकडे. देखभाल सोपी, पण गिअर बदलण्याचे कौशल्य तेथे मिळत नाही.

स्थानिक वास्तव

कागदावरील सर्वोत्तम वर्ग जवळच्या धावपट्टीवर धावत नसेल, तर तो निरुपयोगी. दोनच मोटारींच्या शर्यतीत नवोदितास झुंजण्याचा अनुभव मिळत नाही आणि उसना सुटा भाग देणारा शेजारीही लाभत नाही. यास्तव खरेदीपूर्वी एखाद्या शर्यतीस प्रेक्षक अथवा स्वयंसेवक म्हणून जावे, त्या वर्गातील मोटारी मोजाव्यात आणि आपले शरीर आसनात मावते काय, हेही प्रत्यक्ष बसून पाहावे. जुनी मोटार घेताना तपासणीची नोंदवही मागावी. आसनपट्ट्यांची मुदत संपली असल्यास, तसेच मान राखणारे उपकरण, शिरस्त्राण व अग्निरोधक पोशाख यांसाठी लागणारी रक्कम किमतीतच धरावी.

भारतात चित्र वेगळे आहे. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन वापरून स्वस्त एकासनी मोटारी घडविल्या. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेल्या नारायण कार्तिकेयन यांचा आरंभ त्याच फॉर्म्युला मारुतीतून झाला. करिवर्धन यांचे १९९५ मध्ये निधन झाले. कोइम्बतूरजवळील २००३ मधील धावपट्टीस त्यांचे नाव आहे. त्यानंतरच्या फॉर्म्युला एलजीबी वर्गात नवोदित बहुधा मोटार विकत न घेता संघास शुल्क देऊन धावतो. त्यामुळे भांडवल अडकत नाही. मात्र अपघातात मोटारीचे नुकसान झाल्यास भरपाई कोणी व किती द्यावयाची, हे आरंभीच लेखी ठरवून घेणे आवश्यक असते. एका टकरीचा खर्च संपूर्ण हंगामाच्या शुल्काचा हिशेब बिघडवू शकतो.