फिरकी धरायची माझी पाळी

दोन वर्षांपूर्वीच्या उत्तरायणाला ऐन रंगात आलेला पतंग सोडून मी मटकन गच्चीवर बसले. शेजारच्या गच्चीवरून ‘काप्यो छे!’चा गजर झाला, पण पतंग कोणी कापलाच नव्हता. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होऊन मांजाच सुटला होता.

पुढचे दहा महिने निदानात गेले. मानेचे मणके, मनगटाची नस, ऑफिसची खुर्ची, उशी, सगळ्यांवर आळ येऊन गेला. आजीचा संशय अर्थातच मोबाईलवर. शेवटी एका डॉक्टरांनी दोन्ही हात वर धरून ३ मिनिटं मुठी उघड-मीट करायला सांगितलं. मी निम्म्यातच हात खाली टाकले. मग एक्स-रेमध्ये मानेच्या सातव्या मणक्याला फुटलेली एक जादा बरगडी दिसली. अशी बरगडी फार थोड्यांना असते आणि त्यातल्या बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो.

दुखण्याचं नाव थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. हाताकडे जाणाऱ्या नसा मानेच्या स्नायूंमधून निघून कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेने जातात. तिथे त्या दबल्या की हात बंड करतो. बहुतेक रुग्णांत दबतात त्या नसाच. हात अचानक सुजून निळसर पडला तर मात्र शिरेत गुठळी असू शकते, तेव्हा थेट इस्पितळ गाठायचं.

सहा महिने फिजिओथेरपी केली. काहींचं तेवढ्यावर भागतं, माझं भागलं नाही. जुलैत ऑपरेशन झालं. जादा बरगडी, पहिली बरगडी आणि मानेच्या बाजूचे स्नायू काढले. मी झोपलेलीच होते, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते घरी आल्यानंतरचं.

पहिले आठ दिवस श्वास पुरत नसल्यासारखं वाटायचं. श्वासपटलाची नस त्या कापलेल्या स्नायूवरूनच जाते, ती दुखावली तर असं होऊ शकतं, म्हणून तपासणी झाली. तीन चेंडूंच्या त्या प्लॅस्टिकच्या यंत्रात मी तासातासाला श्वास ओढत बसायची. तिसरा चेंडू वर गेला त्या दिवशी आईने शिरा केला. सर्जननी मला २ किलोंपेक्षा जास्त वजन उचलायला मनाई केली होती. खांद्याला पर्स नाही, गाडी चालवायची नाही. वेणी आई घालायची, तीही शाळेतल्यासारखी घट्ट.

सातव्या आठवड्यात गणपती आले. बरं वाटत होतं, म्हणून आरतीला मी टाळ घेतले आणि घालीन लोटांगणपर्यंत वाजवले. दुसऱ्या दिवशी खांद्यापासून करंगळीपर्यंत आग. आई देवासमोर बसून राहिली, ऑपरेशन फुकट गेलं या भीतीने. मीही रात्री उशीत तोंड खुपसून रडले. सर्जननी मात्र शांतपणे तपासलं. मोकळ्या झालेल्या नसा बरेच दिवस चिडक्या राहतात, म्हणाले. आणि दुखावलेला तंतू नव्याने वाढायचा तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मी घरी येऊन पट्टीने मानेपासून करंगळीपर्यंत हात मोजला. ७४ सेंटिमीटर! त्यानंतर आईला ‘कधी बरी होणार’ हा आत्यांचा फोनवरचा प्रश्न एवढा बोचेनासा झाला. ती सरळ सांगायची, ‘अजून कोपरापर्यंत आलीय.’

दोन दिवस विश्रांती घेतली, मग व्यायाम निम्म्यावर आणून पुन्हा सुरू केले. हात हळूच लांब करायचा, मनगट वळवायचं, मुंग्या येण्याआधी परत यायचं. दिसायला पोरखेळ, पण कंटाळा असा की नोकरी बरी. नवरात्रात गरब्याला खुर्चीवर बसले. मैत्रिणी एका फेरीआड येऊन सोबत करायच्या.

कॉलरबोनखालची तळहाताएवढी कातडी अजून बधिर आहे. लिहिताना करंगळी कधीकधी दमते.

यंदाच्या उत्तरायणाला मी फिरकी धरली. दुपारी वारा पडल्यावर दादाने न विचारता मांजा माझ्या हातात दिला. ‘ढील दे फक्त, खेचू नको.’ सहा मिनिटं झाली. मुंग्या यायच्या आत मी मांजा त्याला परत दिला आणि तिळगुळाच्या डब्याकडे वळले. डबा उजव्या हातानेच उचलला.